अंगठ्याएवढी फट: वटवाघळांसाठी पेटी कशी बनवावी, कुठं लावावी, कशी सांभाळावी

अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात काँग्रेस अव्हेन्यू नावाचा एक पूल आहे. 1980 मध्ये त्याची दुरुस्ती झाली आणि पुलाच्या पोटाशी काँक्रीटमध्ये लांबच लांब फटी राहिल्या. रुंदी दोन-अडीच सेंटीमीटर, खोली चाळीसेक सेंटीमीटर. वटवाघळांचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हता. पण त्यांनी ती जागा हेरली, आणि आता भर उन्हाळ्यात तिथं पंधरा लाखांच्या आसपास वटवाघळं राहतात. पेटी बांधू पाहणाऱ्याला जे कळायला हवं ते जवळजवळ सगळं या पुलात आहे. अंगठा जेमतेम आत जाईल एवढी अरुंद फट हवी, ती खोल हवी, खालून उघडी आणि जमिनीपासून उंच हवी, आणि दिवसाचं ऊन पिऊन ऊब धरून ठेवणारी हवी. दार नको, अंथरूण नको, खाद्य तर मुळीच नको.

मी पहिली पेटी केली तेव्हा हे ठाऊक नव्हतं. डोळ्यासमोर पक्ष्याचं घरटं होतं, म्हणून समोर गोल भोक ठेवलं, तळ बंद केला आणि आतली फळी रंधा मारून छान गुळगुळीत केली. ती दोन वर्षं रिकामी राहिली. वटवाघूळ फळीवर बसत नाही, तिला नखांनी धरून लटकतं. गुळगुळीत फळीवर त्याचा पाय ठरतच नाही. तळ बंद असला की लेंड्या आत साचतात. आणि त्याला आत यायचं असतं ते खालून, भिंतीवर उतरून, वर सरपटत. खालची मापं आणि सूचना या चुकांतून आणि इतरांच्या दीर्घ अनुभवातून आलेल्या आहेत.

कोण येईल, कोण येणार नाही

जगात वटवाघळांच्या 1,400 हून जास्त जाती आहेत आणि पेटीत राहणाऱ्या त्यातल्या थोड्याच. झाडावर उघड्यावर लटकणारी मोठी फळखाऊ वटवाघळं पेटीकडे ढुंकूनही बघणार नाहीत. गुहेच्या छताला मोकळं लोंबणाऱ्या जातींनाही अरुंद फट मानवत नाही. पेटी असते ती झाडाच्या सुटलेल्या सालीखाली, खडकाच्या चिरेत, कौलांखाली, भिंतीच्या भेगेत अंग चोरून राहणाऱ्या लहान कीटकभक्षी वटवाघळांसाठी. बोलीत ज्यांना काही जण पाकोळ्या म्हणतात, तीच ही. संध्याकाळी दिव्याच्या खांबाभोवती किंवा पाण्यावर लहान, वेगानं वळणारी वटवाघळं तुम्हाला दिसत असतील, तर पेटीला अर्थ आहे. आधी आठ-दहा संध्याकाळी बाहेर उभं राहून हे पाहून घ्या. जिथं एकही दिसत नाही तिथं पेटी लावून ती येत नाहीत.

अपेक्षाही आधीच सरळ करून घेतलेल्या बऱ्या. ‘एक वटवाघूळ तासाला हजार डास खातं’ हे वाक्य सगळीकडे फिरतं. तो आकडा प्रयोगशाळेतल्या बंद खोलीत काही मिनिटांत टिपलेल्या किड्यांचा गुणाकार करून आलेला आहे. बाहेर मोकळ्यावर वटवाघूळ जे मिळेल ते खातं: पतंग, भुंगेरे, माश्या, डासही. पेटी लावली की अंगणातले डास संपतील असं मी कुणाला सांगणार नाही. पण स्पेनमध्ये एब्रो नदीच्या मुखाजवळच्या भातशेतीत पेट्या लावल्यावर छोट्या पिपिस्ट्रेल वटवाघळांची संख्या वाढली आणि भाताच्या खोडकिड्याचा उपद्रव आटोक्यात राहायला मदत झाली, हे तिथल्या अभ्यासकांनी मोजून दाखवलं आहे. फरक एवढाच, की तिथं पेट्या पुष्कळ होत्या आणि त्या वर्षानुवर्षं सांभाळल्या गेल्या.

सांभाळण्याबद्दल एक गोष्ट मनाशी पक्की करा. ही सात-आठ ग्रॅमची जनावरं फार जगतात. सैबेरियात खूण करून सोडलेलं ब्रँट जातीचं एक वटवाघूळ 41 वर्षांनी पुन्हा हाती लागलं होतं. मादीला वर्षाला बहुधा एकच पिल्लू होतं, काही जातींत दोन. त्यामुळे एका उन्हाळ्यात पेटीतली पिल्लं गेली, तर ती तूट भरून यायला कित्येक वर्षं लागतात. वाईट पेटी रिकाम्या पेटीपेक्षा घातक असते.

साहित्य

मी इथं तीन कप्प्यांची पेटी सांगतो. एकाच कप्प्याची करायला सोपी असते, पण ती लवकर तापते आणि लवकर गार होते. तीन कप्पे असले की वटवाघळांना गरमीप्रमाणे पुढं-मागं सरकता येतं.

पाठीला 12 मिलिमीटर जाडीचा, बाहेरच्या हवेत टिकणारा प्लायवूड: 80 सेंटीमीटर उंच, 45 सेंटीमीटर रुंद. मधल्या दोन फळ्यांना 9 मिलिमीटरचा प्लाय: प्रत्येकी 63 उंच, 45 रुंद. पुढच्या बाजूला दोन तुकडे, 12 मिलिमीटरचे: वरचा 50 उंच, खालचा साडेतेरा उंच, दोन्ही 45 रुंद. यांच्यामध्ये दीड सेंटीमीटरची आडवी फट सोडायची आहे, म्हणजे पुढची बाजू एकूण 65 सेंटीमीटर होते. छताला 18 मिलिमीटर प्लाय, 55 बाय 22. आणि 2 सेंटीमीटर जाड, अडीच रुंद, 63 लांब अशा सहा लाकडी पट्ट्या.

या पट्ट्यांची जाडी म्हणजेच कप्प्याची फट. ती 19 मिलिमीटरच्या खाली आणि 25 च्या वर जाऊ देऊ नका. सुताराच्या भाषेत सहा ते आठ सूत. ‘जरा मोकळं असलेलं बरं’ असं मनात येतं आणि तिथंच बिघडतं. रुंद फटीत वटवाघळाच्या पाठीला आणि पोटाला दोन्हीकडून आधार लागत नाही, आणि गांधीलमाश्या व पाखरं मात्र घर करतात.

रसायनात मुरवलेलं, किडीपासून वाचवण्यासाठी औषध लावलेलं लाकूड वापरू नका. वटवाघूळ दिवसभर त्याला छाती टेकून असतं आणि अंग चाटून स्वच्छ करतं, त्यामुळे लाकडातलं विष त्याच्या पोटात जातं. जुन्या रंगाच्या फळ्याही नकोत. जोडणीला स्क्रू घ्या, खिळे नकोत. ऊन-पावसात खिळे सैल होतात आणि सांधे उघडतात.

बांधणी

1. सगळे तुकडे कापून गुण्या लावून काटकोन तपासा. एक फळी तिरकी गेली तर वरून सांधा बसत नाही, पाणी आत येतं आणि उबदार हवा निघून जाते.

2. मधल्या दोन्ही फळ्यांच्या वरच्या कडेला मधोमध 20 सेंटीमीटर लांब आणि 3 सेंटीमीटर खोल असा तुकडा कापून काढा. पेटी बंद झाल्यावर वटवाघळं इथूनच एका कप्प्यातून दुसऱ्यात जातात.

3. आता खाचा. या कामात घाई करू नका, सगळी पेटी यावर उभी आहे. पाठीच्या फळीची पुढची बाजू वरपासून खालपर्यंत, मधल्या फळ्यांच्या दोन्ही बाजू, आणि पुढच्या तुकड्यांची आतली बाजू, एवढ्या सगळ्या भागावर आडव्या खाचा पाडायच्या. दोन खाचांमध्ये साधारण एक सेंटीमीटर अंतर, खोली एक ते दीड मिलिमीटर. हातकरवतीनं पट्टी धरून ओढल्या तरी छान होतात. प्लायचा वरचा थर पूर्ण कापला जाऊ देऊ नका, नाहीतर पापुद्रा सुटतो. काम झालं की डोळे मिटून तळहात वरून खाली फिरवा. बोटांना प्रत्येक खाच लागली पाहिजे, पण कुसळ टोचता कामा नये. जिथं टोचेल तिथं पॉलिश पेपर हलका फिरवा. वटवाघळाच्या पंखाची त्वचा आपल्या पापणीसारखी पातळ असते. काही जण खाचांऐवजी जाळी ठोकतात. धातूच्या जाळीनं पंख सोलवटतात, आणि प्लास्टिकची जाळी सैल पडली की तिच्यामागे वटवाघूळ अडकून मरतं. मी जाळीच्या वाटेला जात नाही.

4. पाठीची फळी जमिनीवर ठेवा. तिच्या दोन्ही उभ्या कडांवर, वरच्या टोकाशी जुळवून, एकेक पट्टी बसवा. पट्टीखाली पाण्यात न विरघळणाऱ्या ॲक्रिलिक सीलंटची रेघ ओढा आणि स्क्रूनं आवळा. त्यावर पहिली मधली फळी, पुन्हा दोन पट्ट्या, दुसरी मधली फळी, पुन्हा दोन पट्ट्या आणि शेवटी पुढचे दोन तुकडे. सँडविचसारखी रचना होते. प्रत्येक थराला 25 ते 30 मिलिमीटरचे स्क्रू पुरतात. स्क्रूचं टोक कप्प्यात किंवा पाठीमागे बाहेर आलं तर ते काढून आखूड स्क्रू घाला.

5. उष्ण प्रदेशात बाजूनंही हवा खेळायला हवी. त्यासाठी पट्ट्या अखंड न लावता, तळापासून 15 सेंटीमीटरवर दीड सेंटीमीटरची मोकळी जागा सोडून दोन तुकड्यांत लावा. पुढची आडवी फटही याच उंचीला आहे. गरम हवा वरच्या भागात कोंडून राहते, खालचा भाग गार राहतो, आणि वटवाघूळ आपल्याला हवी ती ऊब शोधत वर-खाली सरकतं.

6. छत पाठीशी बरोबर जुळवा आणि पुढं व बाजूंना बाहेर येऊ द्या. छताच्या सांध्यात सीलंट भरपूर भरा. पेटीत पाणी शिरतं ते जवळजवळ नेहमी इथूनच. छतावर पातळ पत्रा बसवला तर प्लायचं आयुष्य वाढतं.

पाठीची फळी पुढच्या बाजूपेक्षा 15 सेंटीमीटर खाली लोंबते. हा वटवाघळांचा उतरण्याचा धक्का. उडत येऊन ती इथं चिकटतात आणि वर चढतात. तळ पूर्ण उघडा राहू द्या.

बाहेरून पाण्यात मिसळणारा बाह्य रंग द्या: एक हात प्रायमर, दोन हात रंग, आणि प्लायच्या कापलेल्या कडांना जरा जास्तच. आत रंग देऊ नका, खाचा बुजतात. मग पेटी दोन-तीन आठवडे सावलीत वाऱ्यावर ठेवा. वास पूर्ण गेल्याशिवाय लावू नका.

ऊन

बाकी सगळं बरोबर असूनही पेटी फसते किंवा जिवावर उठते ती तापमानामुळे. पिल्लं वाढवणाऱ्या माद्या एकत्र राहतात. त्यांना पेटीत साधारण 27 ते 38 अंश सेल्सिअस एवढी ऊब लागते, कारण उघड्या अंगाच्या पिल्लाला स्वतःची ऊब धरता येत नाही. पेटी गार राहिली तर माद्या येत नाहीत, फार तर एखाददुसरा नर मुक्काम करतो. आणि 40 अंशांच्या वर गेली तर आतल्या जीवांना त्रास सुरू होतो. आधी ती खाली सरकतात, मग दिवसाढवळ्या धक्क्यावर येऊन लटकतात, मग पिल्लं पडतात. ज्या ईशान्य स्पेनमधल्या पेट्यांचं मी वर कौतुक केलं, तिथंच उष्णतेच्या लाटेत पेट्या तापून वटवाघळं दगावल्याची नोंद आहे. पेट्या लावणाऱ्यांनीच ती नोंद करून ठेवली, म्हणून पुढच्यांना शिकता आलं.

रंग हा या तापमानाचा पहिला लगाम. 1982 मध्ये स्थापन झालेल्या बॅट कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल या संस्थेनं शेकडो पेट्यांच्या अनुभवावरून एक ढोबळ नियम दिला आहे. सर्वांत उष्ण महिन्यात दुपारचं सरासरी कमाल तापमान 29 अंशांच्या आत असेल तर काळा रंग. 29 ते 35 असेल तर गडद तपकिरी किंवा राखाडी. 35 ते 38 असेल तर मध्यम छटा. त्यावर असेल तर पांढरा किंवा अगदी फिका.

दुसरा लगाम दिशेचा. थंड प्रदेशात पेटीला दिवसाकाठी किमान सहा तास थेट ऊन हवं. उष्ण प्रदेशात सकाळचं ऊन मिळावं आणि दुपारनंतर सावली पडावी अशी जागा शोधा. पश्चिमेचं ऊन अंगावर घेणारी भिंत उष्ण प्रदेशात मी पेटीसाठी कधीच निवडणार नाही.

तरीही अंदाजावर विसंबू नका. पेटी लावल्यावर, वटवाघळं यायच्या आधी, तापमान टिपणारं छोटं यंत्र सर्वांत वरच्या कोपऱ्यात ठेवा आणि वर्षातल्या सर्वांत उष्ण पंधरवड्यात त्याची नोंद पाहा. एक दिवस जरी 40 च्या पुढं गेला तरी रंग फिका करा, पेटी हलवा किंवा छत पुढं वाढवून सावली द्या. रिकामी पेटी हलवायला अर्धा तास पुरतो. वस्ती झाल्यावर ती संधी राहत नाही.

जमत असेल तर एकाच ठिकाणी दोन पेट्या लावा: एक गडद, एक फिकी, किंवा एकाच खांबावर पाठीला पाठ लावून, दोन वेगळ्या दिशांना तोंड करून. वटवाघळं तसंही एका जागी बांधून राहत नाहीत. गार दिवसांत गडद पेटीत आणि कडक उन्हात फिक्या पेटीत जाताना तुम्हीच त्यांना पाहाल. एका मोठ्या पेटीपेक्षा दोन मध्यम पेट्या कितीतरी सुरक्षित.

कुठं आणि कसं लावायचं

घराची, गोठ्याची किंवा गोदामाची भिंत उत्तम. रात्री ती ऊब सोडत राहते आणि साप-मांजरांना तिच्यावर चढणं अवघड जातं. त्या खालोखाल एकटा उभा खांब. झाड तिसऱ्या क्रमांकावर: सावली फार, फांद्यांचा अडथळा, आणि शिकारी फांदीवर बसून वाट पाहू शकतो.

पेटीचा तळ जमिनीपासून किमान साडेतीन-चार मीटर वर हवा, पाच-सहा मिळाला तर आणखी चांगलं. वटवाघूळ पक्ष्यासारखं जागेवरून उडत नाही. ते आधी सुटतं, खाली पडतं आणि त्या पडण्यात वेग घेऊन उडतं. म्हणून पेटीखाली झुडूप, तारा, वाळत घातलेले कपडे, उभी गाडी असं काही नको. सर्वांत जवळची फांदी सहा मीटर तरी लांब असावी. नदी, तळं किंवा ओढा अर्ध्या किलोमीटरच्या आत असेल तर वस्ती होण्याची शक्यता वाढते. रात्रीचा दिवा पेटीवर पडता कामा नये. पेटीखाली दार, खिडकी किंवा बसायची जागाही नको, कारण लेंड्या पडणारच.

ही पेटी दहा किलोच्या आसपास भरते, म्हणून शिडीवर एकट्यानं चढवू नका. भिंतीला आधी दोन आडव्या पट्ट्या घट्ट बसवा आणि पेटी त्यांना आवळा. ओळंबा लावून ती सरळ करा. वाऱ्यात हलणारी पेटी वटवाघळं सोडून जातात. खांब असेल तर जाड गॅल्व्हनाइज्ड पाइप घ्या, त्याचा मीटरभर भाग काँक्रीटमध्ये जाऊ द्या आणि मधल्या उंचीला गुळगुळीत पत्र्याची नळी गुंडाळा, म्हणजे साप चढत नाही.

घराच्या माळ्यावर आधीच वटवाघळं असतील आणि ती बाहेर जावीत असं वाटत असेल, तर आधी पेटी लावा, निदान एक हंगाम आधी. मग पिल्लं उडायला लागल्यानंतरच माळ्याच्या वाटेवर बाहेर जाता येईल पण परत येता येणार नाही असा पडदा लावा. पिल्लांच्या दिवसांत वाट बंद केली तर आया बाहेर राहतात आणि पिल्लं आत उपाशी मरतात. अनेक देशांत वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे आणि वस्ती असलेल्या पेटीला हात लावायलाही परवाना लागतो. तुमच्याकडचा नियम वन खात्याकडून आधीच विचारून घ्या.

वाट पाहणं

फ्लॉरिडातल्या शुगरलोफ की बेटावर 1929 मध्ये रिक्टर पर्की नावाच्या गृहस्थांनी डासांवर उपाय म्हणून वटवाघळांसाठी मोठा लाकडी मनोरा उभारला. त्यात वटवाघळं राहायला आलीच नाहीत. 2017 च्या इर्मा वादळात तो रिकामाच कोसळला. त्याच राज्यात गेन्सव्हिलच्या विद्यापीठानं 1991 मध्ये वटवाघळांचं घर बांधलं. तेही सुमारे तीन वर्षं ओस होतं, मग वस्ती झाली आणि लाखांत गेली. दोन्ही गोष्टी मी मुद्दाम शेजारी ठेवतो. थांबायला हवं, पण डोळे मिटून थांबायचं नाही.

पहिल्या वर्षी पेटीला हात लावू नका. दुसऱ्या वर्षी तापमान पुन्हा तपासा. तिसऱ्या वर्षीही काही चिन्ह नसेल तर पेटी हलवा, बहुधा जास्त उन्हाकडे. आत लेंड्या फासून किंवा वास लावून वटवाघळं येत नाहीत. आणि कुठूनतरी पकडून आणून पेटीत सोडणं म्हणजे निव्वळ क्रूरपणा. ती त्याच रात्री निघून जातात, वाट सापडली तर.

वस्ती झाली का, आणि किती?

पहिली खूण लेंड्यांची. पेटीखालच्या जमिनीवर तांदळाच्या दाण्याएवढे काळे-तपकिरी कण दिसतील. उंदराच्या लेंड्याही अशाच दिसतात, म्हणून हातमोजा घालून एक दाणा बोटांत चुरडा. वटवाघळाची लेंडी कोरडी असली की लगेच भुगा होते आणि त्या भुग्यात उन्हात चमकणारे कण दिसतात. ते भुंगेऱ्यांच्या कवचाचे आणि पतंगांच्या पंखांचे तुकडे. उंदराची लेंडी कडक राहते. पालीच्या लेंडीला टोकाशी पांढरा ठिपका असतो.

दिवसा खालून टॉर्च मारून पाहता येतं, पण पाच-दहा सेकंदच, महिन्यातून एकदा, आणि पिल्लांच्या दिवसांत अजिबात नाही. खरी मोजणी संध्याकाळची. सूर्यास्ताच्या वीस मिनिटं आधी जागेवर बसा. पेटी आणि तुमच्यामध्ये दहाएक मीटर अंतर ठेवा आणि पेटीचा तळ आकाशाच्या सर्वांत उजळ भागावर दिसेल अशी जागा निवडा. वटवाघळांच्या बाहेर पडण्याच्या वाटेत कधी बसू नका. मोबाइल बंद. आधी कप्प्यांतून किरकिर ऐकू येते, कान दिले तरच. मग धक्क्यावर एक नाक येतं, मागं जातं, पुन्हा येतं. पहिलं सुटतं ते तुम्ही पापणी लववताना, आणि चुकतं. दुसऱ्यापासून मोजा. हातात बटण दाबून मोजायचं साधं यंत्र ठेवा, कारण नजर वर असताना कागदावर रेघा ओढता येत नाहीत. एखादं परत आत शिरलं तर ते वजा करायचं. सलग दहा मिनिटं एकही बाहेर आलं नाही, किंवा काहीच दिसेनासं झालं, की थांबा. सूर्यास्तानंतर तासाभरात काम संपतं.

वर्षातून निदान दोनदा मोजा: पिल्लं जन्मायच्या आधी, म्हणजे आकडा मोठ्या माद्यांचा मिळेल, आणि पिल्लं उडायला लागल्यावर, जन्मानंतर साधारण महिना-दीड महिन्यानं. दर वेळी लागोपाठ दोन संध्याकाळी मोजा आणि मोठा आकडा धरा. वहीत तारीख, सूर्यास्ताची वेळ, पहिलं बाहेर आल्याची वेळ, एकूण संख्या, तापमान, वारा-पाऊस आणि जमिनीवर काही पडलेलं दिसलं का, एवढं लिहा. शून्य आलं तरी लिहा. चार वर्षांनी ही वही कुठल्याही फोटोपेक्षा जास्त सांगते.

जात ओळखायची हौस असेल तर बॅट डिटेक्टर घ्या. बहुतेक वटवाघळांचा आवाज 20 किलोहर्ट्झच्या वर असतो, आपल्या कानाच्या पलीकडे. हे यंत्र तो ऐकण्याजोगा करतं. कॉमन पिपिस्ट्रेल 45 किलोहर्ट्झच्या आसपास टपटप वाजतं. ऑडिओमॉथसारखं ध्वनिमुद्रण यंत्र रात्रभर लावून ठेवता येतं. पण आवाजावरून जात सांगणं कठीण आहे. नोंदीत खात्री असेल तरच नाव लिहा, नाहीतर नुसतं ‘लहान वटवाघूळ’ पुरे.

जमिनीवर पडलेलं वटवाघूळ

हे कधीतरी होणारच, म्हणून घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा: उघड्या हातानं वटवाघळाला कधीही स्पर्श करायचा नाही. त्यांच्यात रेबीज क्वचित असतो, पण असतो. आणि त्यांचे दात इतके बारीक की चावा दिसतही नाही. चावलं, ओरबाडलं किंवा लाळ जखमेला लागली तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन लस घ्या. लक्षणांची वाट पाहू नका. लक्षणं दिसल्यावर रेबीज जवळजवळ नेहमी जीव घेतो.

जाड कातडी हातमोजे घाला, वटवाघळावर छोटा खोका उपडा ठेवा आणि खालून पुठ्ठा सरकवा. आत मऊ कापडाचा तुकडा घाला, म्हणजे त्याला लपायला आणि धरायला काही मिळतं. वन्यजीव वाचवणाऱ्यांना कळवा. मोठं आणि धडधाकट दिसत असेल तर संध्याकाळी खोका उंचावर भिंतीशी आडवा ठेवा, ते स्वतःच भिंत धरून वर चढेल. उघड्या अंगाचं पिल्लू असेल तर मात्र तज्ज्ञाकडेच द्या. गरम दिवशी एकापेक्षा जास्त पिल्लं पडली, तर पिल्लांबरोबर पेटीचाही विचार करा. ती तापली आहे. त्या दिवशी बाहेरून कापडाची सावली करा, आणि हंगाम संपताच रंग बदला.

देखभाल

सगळी कामं पेटी रिकामी असताना. अनेक जाती थंडीत दुसरीकडे जातात. उष्ण प्रदेशात काही वर्षभर राहतात. म्हणून महिना पाहून ठरवू नका, आधी दोन संध्याकाळी मोजून शून्य येतंय याची खात्री करा.

दरवर्षी शिडीवर चढून छताचा सांधा पाहा. तडा दिसला तर जुनं सीलंट खरवडून नवं भरा. स्क्रू आवळा. रंग पोपडे धरत असेल तर तीन-चार वर्षांनी बाहेरून एक हात द्या. गांधीलमाशीचं जुनं पोळं लांब पट्टीनं ओरबाडून काढा. त्यावर कीटकनाशक मारू नका, ना आत ना आसपास. आतून पेटी धुवू नका. तो वास वटवाघळांच्या ओळखीचा असतो. फक्त कप्प्यात काही अडकलेलं असेल तर काढा.

लेंड्या खाली साचत असतील तर त्यांचं झाडांना उत्तम खत होतं. पण कोरड्या ढिगाला झाडू लावू नका. त्यात हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी असू शकते आणि तिची धूळ फुप्फुसात गेली तर आजार होतो. आधी पाणी शिंपडून ओलं करा, एन-95 मास्क आणि हातमोजे घाला, मग फावड्यानं उचला. लेंड्या धरायला ताट ठेवायचं असेल तर जमिनीवरच ठेवा, पेटीजवळ टांगू नका. खाली झेप घेणारं वटवाघूळ त्यावर आदळेल.

एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना शिडी, हातमोजे आणि बूट धुऊन वाळवून न्या. 2006 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुहेत पहिल्यांदा दिसलेल्या पांढऱ्या नाकाच्या रोगानं उत्तर अमेरिकेत लाखो वटवाघळं मारली. त्या रोगाची बुरशी माणसाच्या चिखलाळ बुटांवरूनही प्रवास करू शकते.

संख्या वाढली की वजनाकडे लक्ष द्या. गेन्सव्हिलचं ते 1991 चं घर 2009 मध्ये आतल्या वटवाघळांच्या भारानं कोसळलं होतं. आपल्या पेटीत एवढी गर्दी होणार नाही, पण पाठीचे स्क्रू आणि भिंतीतल्या पट्ट्या दरवर्षी हातानं ओढून पाहाच.

चांगली केलेली पेटी दहा वर्षं टिकू शकते. प्लाय फुगायला लागला की नवी पेटी जुन्या पेटीच्या अगदी शेजारी, त्याच उंचीवर, त्याच दिशेला लावा आणि जुनी तशीच राहू द्या. एक पूर्ण हंगाम दोन्ही मोजा. वहीत नव्या पेटीपुढचा आकडा जुनीच्या वर गेला आणि जुनी दोन संध्याकाळी शून्य आली, की मग शिडी घेऊन जुनी उतरवा.